घाटरस्ते रुंद करण्याआधी थांबण्याजोगे करा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, तेव्हापासून किल्ल्यांकडे जाणारे रस्ते रुंद करण्याची चर्चा सर्वत्र ऐकू येते. या बारा किल्ल्यांपैकी प्रतापगड आणि रायगड हे दोन भोर, वाई, महाबळेश्वर, पोलादपूर, महाड आणि पुन्हा भोर अशा घाटरस्त्यांच्या फेऱ्यावर, किंवा फेऱ्यापासून तासाभराच्या आत, येतात. या वाटेने मी अनेक वर्षे स्वतः गाडी चालवत जात आलो आहे आणि माझे स्पष्ट मत असे आहे की, येथे रस्त्याच्या रुंदीपेक्षा थांबण्याच्या जागांचा अभाव ही मोठी अडचण आहे. दोन प्रसिद्ध किल्ल्यांच्या दरम्यान असलेल्या जुन्या वाड्यांपाशी, देवळांपाशी, नदीवरच्या दगडी घाटांपाशी आणि पुलांपाशी प्रवाशाला सुरक्षितपणे उतरता येईल अशी व्यवस्था जवळजवळ कोठेच नाही आणि नुसत्या रुंदीकरणाने ती होणारही नाही. उलट, डोंगर ज्या पद्धतीने कापले जातात ती पाहता नुकसानच अधिक होण्याची भीती वाटते.

ज्यांनी हा फेरा केलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. अंतर दोनशे किलोमीटरांहून थोडेच अधिक आहे. म्हणजे मनात आणले तर तो एका दिवसात उरकता येतो आणि बहुतेक लोक तो तसाच उरकतात. वास्तविक या फेऱ्यात प्रवासी सह्याद्रीचा पाणलोट दोनदा ओलांडतो. भोरला नीरा, वाईला कृष्णा, प्रतापगडाच्या पायथ्याशी कोयना या पूर्वेकडे जाणाऱ्या नद्या भेटतात; आंबेनळी घाट उतरला की पश्चिमेकडे समुद्राला मिळणारी सावित्री सोबतीला येते; आणि वरंधा घाट चढून माथ्यावर आले की पुन्हा नीरेचे खोरे सुरू होते. यांपैकी कृष्णा, कोयना आणि सावित्री या तिन्ही नद्यांचा उगम क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगेच्या देवळात मानला जातो, त्यामुळे ज्या पाण्याच्या काठाने आपण दिवसभर गाडी चालवतो त्याचे मूळस्थान मध्येच एका देवळात ओंजळीत घेता येते. फेरा भोरहून मांढरदेवीमार्गे वाईकडे असाच करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे असते. सकाळी पसरणीचा घाट पश्चिमेकडे चढताना ऊन पाठीशी राहते आणि परतीच्या दिवशी दुपारनंतर वरंधा पूर्वेकडे चढतानाही ते पाठीशीच असते. डोळ्यांवर ऊन घेऊन घाटातली वळणे घेण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. दिवाळीनंतरचे दोन-अडीच महिने यासाठी उत्तम; मात्र शाकंभरी पौर्णिमेच्या सुमारास काळुबाईची यात्रा असते, तेव्हा मांढरदेवीचा रस्ता भाविकांसाठी मोकळा सोडावा.

वाई आणि तिचा परिसर हा या फेऱ्यातला सर्वांत समृद्ध भाग आहे आणि नेमका तोच सर्वांत घाईने ओलांडला जातो. ढोल्या गणपतीचे दर्शन, एक छायाचित्र, की लगेच गाड्या पाचगणीकडे वळतात. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केलेली आहे, जेणेकरून कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोट भिंतीवर न आदळता दोन्ही बाजूंना विभागला जावा. ही भिंत पाहण्यासाठी देवळाला वळसा घालून मागे जावे लागते आणि तेवढा वेळ फार थोड्यांकडे असतो. शेजारचे काशीविश्वेश्वराचे देऊळही रास्ते घराण्यानेच उभारलेले. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशी घाटांची रांग आणि प्रत्येक घाटाचा स्वतंत्र कृष्णाबाईचा उत्सव, हे वाईचे वैभव केवळ दगडी बांधकामाचे नाही. ते चालत्या वहिवाटीचे आहे. प्राज्ञपाठशाळा आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालय याच गावात आहे, हेही जाता जाता मुलांना सांगण्यासारखे.

वाईपासून काही मिनिटांवर मेणवली येथे नाना फडणवीसांचा वाडा आहे. चौकांमागून चौक, लाकडी खांब, भिंतींवरची चित्रे आणि मागच्या दारातून थेट कृष्णेच्या दगडी घाटावर उतरणारा मार्ग असा हा वाडा पाहिला म्हणजे उत्तर पेशवाईतील एका मुत्सद्द्याची राहणी पुस्तकातल्यापेक्षा अधिक नेमकी कळते. घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे वर्ष आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे; १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ती एक. चर्चची घंटा शिवालयापाशी कशी, हा प्रश्न मुले हमखास विचारतात आणि त्याचे उत्तर देता देता वसई जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांपर्यंतचा इतिहास सांगून होतो. तेथून पुढे धोम. धरणाच्या जलाशयावर नौकाविहारासाठी गर्दी असते, पण जुन्या गावातील नरसिंहाचे आणि सिद्धेश्वराचे देऊळ, तसेच कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर बसवलेला नंदी पाहायला त्यांतले थोडेच जण येतात.

या वास्तूंबाबत पर्यटकांची उदासीनता हा प्रश्नाचा एक भाग झाला. दुसरा भाग मालकीचा आहे. या टापूतील बहुसंख्य वाडे खासगी आहेत. वारसांची संख्या वाढत गेली, त्यांतले अनेक जण पुण्या-मुंबईत किंवा परदेशात स्थिरावले, आणि कौले चाळण्यासारख्या दरवर्षीच्या कामालाही कोणी जबाबदार उरले नाही. लाकूड आणि पांढऱ्या मातीच्या भिंती यांना पाण्याइतका दुसरा शत्रू नाही. एक पावसाळा छप्पर गळले की तुळई कुजते, तुळई खचली की मजला बसतो आणि मग ‘धोकादायक इमारत’ अशी पाटी लागते. संरक्षित स्मारकांसाठी राज्याचा १९६० चा कायदा आहे, परंतु जी वास्तू संरक्षित यादीत नाही तिच्या कौलांसाठी कोणाकडे अर्ज करावा, याचे उत्तर गावातल्या माणसाला मिळत नाही. मोठ्या जीर्णोद्धाराच्या घोषणेपेक्षा दर उन्हाळ्यात वेळेवर मिळणारी थोडी रक्कम अशा वाड्याला अधिक वर्षे उभी ठेवील.

पसरणी हे शाहीर साबळे यांचे गाव. त्याच्या नावाचा घाट चढून पाचगणी आणि पुढे महाबळेश्वर येथे पोहोचल्यावर काय पाहावे, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. त्या दोन्ही गावांवर पुरेसे, किंबहुना पुरेशापेक्षा अधिक, लिहून झाले आहे. एवढेच नोंदवतो की, १८२९ च्या सुमारास सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून खंडाळा गावाच्या बदल्यात मिळवलेल्या या पठारावरील फ्रिअर हॉलसारख्या वास्तू बाजारपेठेपासून पायी अंतरावर असूनही बाजाराच्या गर्दीत हरवून जातात. याउलट क्षेत्र महाबळेश्वर येथे पंचगंगेचे दर्शन घेऊन बहुतेक लोक परत फिरतात; थोडे पुढे, काळ्या दगडात बांधलेले कृष्णाबाईचे प्राचीन देऊळ आहे, त्याच्या गोमुखातून कृष्णेचे पाणी कुंडात पडते आणि समोर सारे खोरे उघडे होते. या साऱ्या फेऱ्यात मला एकच जागा निवडायला सांगितली, तर मी हे देऊळ निवडेन.

प्रतापगडाविषयी काय लिहावे? १६५६ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली किल्ला बांधला गेला, १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध झाला, हे शाळकरी मुलांनाही पाठ असते. परंतु खानाची छावणी ज्या पार गावी पडली होती, ते गाव किल्ल्यावरून बोटाने दाखवले जाते आणि तेथे प्रत्यक्ष कोणी जात नाही. त्या गावात रामवरदायिनीचे देऊळ आहे आणि कोयनेवर शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल आहे. पाणी ज्या बाजूने येते त्या बाजूला पुलाच्या खांबांना टोक काढलेले आहे, म्हणजे जी युक्ती रास्त्यांनी वाईच्या देवळाच्या भिंतीसाठी योजली तीच येथे पुलासाठी. या पुलापर्यंत पोहोचायला मला दरवेळी कोणाला तरी वाट विचारावी लागली आहे. पाण्याला अडवायचे नाही, त्याला वाट काढून द्यायची, हे त्या गवंड्यांना पक्के ठाऊक होते. आजच्या घाटरस्त्यांच्या कामात नेमके याचेच भान सुटलेले दिसते.

आंबेनळी घाट हे त्याचे जवळचे उदाहरण. मुंबईचे गव्हर्नर फिट्झगेराल्ड यांच्या नावाने ओळखला जाणारा हा एकोणिसाव्या शतकातील घाट. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस याच घाटातून दरीत कोसळली आणि तीस जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तीन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा या घाटाचे ठिकठिकाणी भाग वाहून गेले. त्याच पावसात, २२ जुलै रोजी, महाड तालुक्यातील तळिये येथे डोंगर वाडीवर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. इतक्या पावसापुढे कोणताही रस्ता पूर्णपणे सुरक्षित राहील असे म्हणणे धाडसाचे ठरेल, हे मी मान्य करतो. पण रस्ता कसा बांधला यावर नुकसानीचे प्रमाण निश्चित ठरते. सह्याद्रीचा डोंगर म्हणजे एकसंध कातळ नव्हे. काळ्या बसाल्टच्या थरांमध्ये जागोजागी लाल, मऊ मातीचे पट्टे असतात आणि वरचे झिरपलेले पाणी त्या पट्ट्यांशी येऊन बाहेर पडते. रुंदीकरणासाठी डोंगराची बाजू उभी कापली की हे पट्टे उघडे पडतात, वरच्या कातळाचा आधार जातो आणि पहिल्या मोठ्या पावसात दरड रस्त्यावर येते. कापून निघालेला राडारोडा दरीच्या बाजूला ढकलला जातो, त्याखाली ओढे बुजतात, जुन्या मोऱ्यांची तोंडे बंद होतात, आणि मग वाट न मिळालेले पाणी रस्त्याच्या भरावालाच पोखरते. प्रवासी समजतो की रस्ता दरीच्या बाजूला खचला म्हणजे रस्ता कमकुवत होता. बऱ्याचदा दोष डोंगराच्या बाजूच्या तुंबलेल्या गटाराचा असतो.

याचा अर्थ घाट आहेत तसेच राहू द्यावेत, असा मुळीच नाही. आम्हा पर्यटकांसाठी हा निसर्गरम्य प्रवास आहे, पण वरंध्यालगतच्या हिर्डोशी खोऱ्यातल्या किंवा प्रतापगडाखालच्या वाड्या-वस्त्यांतल्या माणसासाठी हीच दवाखान्याची, कॉलेजची आणि एसटीची वाट आहे. पावसाळ्यात वरंधा वाहतुकीला बंद झाला की त्याची जी कोंडी होते, तिच्यापुढे आमच्या वीकएंडच्या गैरसोयीची काय मातब्बरी? म्हणून ज्या वळणावर एसटी आणि ट्रक समोरासमोर आले की अडकतात तेथे रुंदी वाढवावीच. पण सरसकट सर्व लांबीत एकाच मापाचा रस्ता करण्याचा अट्टहास सोडून कठडे, मोऱ्या, गटारे आणि दरडी रोखणाऱ्या जाळ्या यांवर आधी खर्च करावा. आणि सपाटीवरील रस्त्यांच्या कडेचे जुने वड शक्यतो राखावेत, कारण ती सावली पुन्हा मिळायला दोन पिढ्या जातात.

घाट उतरल्यावर महाडचा परिसर हा स्वतंत्र मुक्कामाचा विषय आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला ते चवदार तळे, महामार्गावरूनच दिसणारी गांधारपाले लेणी, पाचाडची जिजाऊंची समाधी आणि रायगड हे सारे एका दुपारीत पाहून झाले असे कोणी सांगितले, तर त्याने काहीच पाहिले नाही असे खुशाल समजावे. येथेच सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, एसटीच्या बसगाड्या वाहून गेल्या आणि त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. पारचा लहानगा पूल आणि सावित्रीवरचा मोठा पूल यांची तुलना अन्यायकारक होईल, कारण दोन्ही नद्यांचे त्या त्या ठिकाणचे रूप फार वेगळे आहे. परंतु नव्याची उभारणी इतक्या तत्परतेने करू शकणारी यंत्रणा जुन्याची तपासणीही तितक्याच तत्परतेने करू शकते, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

वरंधा घाटात रस्ता आणि इतिहास यांचे नाते फारच रोखठोक स्वरूपात दिसते, कारण माथ्याजवळ रस्ता चक्क कावळ्या किल्ल्याला चिरून गेला आहे. शेकडो गाड्या रोज किल्ल्याच्या दोन भागांमधून जातात आणि आपण किल्ल्यातून चाललो आहोत याची आत बसलेल्यांना कल्पनाही नसते. जवळच वाघजाईचे देऊळ आहे, तेथे चहा-भजीच्या टपऱ्या आहेत, आणि म्हणून संपूर्ण घाटात लोक थांबतात ते येथेच. चहा आणि सपाट जागा मिळाली तर माणूस थांबतो, हे या टपरीवाल्यांनी कोणत्याही आराखड्याविना सिद्ध करून दाखवले आहे. पुढे नीरा-देवघरचा जलाशय उजव्या-डाव्या हाताला लपंडाव खेळत राहतो आणि भोरला संस्थानिक पंतसचिवांच्या राजवाड्यापाशी फेरा पुरा होतो. चित्रीकरणासाठी या राजवाड्याला वर्षभर मागणी असते. पण तो ज्या संस्थानाचा होता त्याची माहिती देणारे निदान एक दालन तेथे असावे, असे वाटते.

माझी मागणी तीन गोष्टींपुरती आहे आणि त्या परस्परांवर अवलंबून आहेत. घाटांत रस्ते सरळ करताना जुन्या वळणांचे तुकडे जागोजागी मोकळे पडतात, त्यांचे सपाट, कठडे असलेले थांबे करावेत, म्हणजे छायाचित्रासाठी आंधळ्या वळणावर गाडी उभी करण्याचे निमित्त उरणार नाही. अशा प्रत्येक थांब्यावर समोर दिसणारा डोंगर, किल्ला आणि खालचे गाव यांची नावे सांगणारा मराठी फलक असावा, आणि पारचा पूल, धोमचा नंदी किंवा कृष्णाबाईचे देऊळ अशा ठिकाणांकडे वळणारे फाटे मुख्य रस्त्यावर स्पष्ट दाखवावेत. यासाठी पैसा कोठून आणायचा, तर महाबळेश्वर आणि पाचगणी येथे पर्यटकांकडून प्रवासी कर आजही घेतला जातो. त्याचा ठरावीक हिस्सा या फेऱ्यावरील ग्रामपंचायतींना केवळ जुन्या वास्तूंच्या डागडुजीसाठी आणि थांब्यांच्या स्वच्छतेसाठी द्यावा. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित आहे, त्यामुळे येथे मोठ्या बांधकामापेक्षा अशी लहान, विखुरलेली कामे कायद्याच्या भावनेलाही धरून होतील.

गाडी चालवणाऱ्यांकडूनही अपेक्षा आहेतच. घाटात चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यायची हा नियम पुष्कळांना परवाना मिळाल्यानंतर आठवत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, सतत ब्रेकवर पाय ठेवून नव्हे, हे सांगणारे जुने चालक आता कमी झाले आहेत. दरीत भिरकावलेल्या बाटल्यांविषयी आणखी काय लिहावे!

प्रतापगड आणि रायगड यांच्या व्यवस्थापनाचे आराखडे आता नव्याने तयार होतील, तेव्हा सार्वजनिक बांधकाम, पुरातत्त्व आणि पर्यटन या खात्यांनी सातारा, रायगड आणि पुणे या तिन्ही जिल्ह्यांच्या प्रतिनिधींसह हा फेरा एकदा एकत्र गाडीने करावा. तो पावसाळा संपताच करावा, म्हणजे कोणत्या मोऱ्या तुंबल्या होत्या याच्या खुणा अजून पुसल्या गेलेल्या नसतील, आणि पुढच्या उन्हाळ्यातील कामांच्या अंदाजपत्रकात त्यांची नोंद होऊ शकेल.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे